कावळ्याच्या नावावर

“आज पुन्हा दुधात पाणी. गरिबानं जगावं तरी कसं या घरात?”

सासूबाई गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून अगदी हळू पुटपुटल्या. म्हणजे सुनेचं शिलाई मशीन थांबलेलं असताना, तिला नीट ऐकू जाईल एवढ्याच हळू. सुनेच्या ओठांत त्या वेळी टाचण्या होत्या, म्हणून घरातली शांतता टिकली. पडदे शिवणाऱ्या बाईच्या संसारात टाचण्यांचं हे एक मोठंच सुख असतं.

गरीब म्हणजे बोका. अंगानं लोडासारखा, चालणं सावकाराचं. सासरे गेले त्याच आठवड्यात तो दारात येऊन बसला, आणि त्याला दूध घालता घालता सासूबाई स्वतःही दोन घास जेवल्या. एवढ्या एका उपकारावर तो घरात जन्माचा बसून खात होता. मुलानं एकदाच धीर करून, “आई, साय बहुतेक…” असं तोंड उघडलं, तर सासूबाईंचे डोळे भरून आले. “…मीच खाल्ली,” असं म्हणून त्यानं वाक्य कसंबसं संपवलं.

त्या दिवसापासून घरात जे जे नाहीसं होई, ते कावळ्याच्या नावावर जाई. साय कावळ्यानं खाल्ली. सोफ्याचं कापड कावळ्यानं ओरबाडलं. कपाटातलं चीज गेलं, तेही कावळ्यानं नेलं, आणि जाताना कपाट लोटूनही घेतलं. इतका वळण लागलेला कावळा अख्ख्या शहरात दुसरा नसेल.

तर, पडदे. सून पडदे शिवी, नवरा ते लोकांच्या भिंतींवर टांगी आणि खालच्या दुमडीची हाततुरपाई सासूबाईंची. या घरचा एक नेम होता. शिवलेला पडदा दुमड घालण्याआधी काही दिवस गॅलरीतल्या दांडीवर टांगून ठेवायचा. कापड आपल्याच वजनानं खाली उतरतं, ते उतरू द्यायचं, मग माप घ्यायचं. “बाकीच्यांचे पडदे वर्षभरात जमिनीवर लोळतात,” सून गिऱ्हाइकांना सांगे, “आमचे नाही.” हे सांगताना तिची मान जराशी ताठ होई, आणि ती तिला शोभेही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नव्या दवाखान्यासाठी पडदे शिवायला टाकले आणि त्या प्रवासाला निघून गेल्या. पडदे दांडीवर गेले. जमिनीला लागू नयेत म्हणून सुनेनं त्यांचा खालचा भाग उचलून नाडीनं छान जुडा बांधला. काही दिवसांनी जुडा सोडायला गेली, तर आतून भुर्रकन एक बुलबुल उडाला आणि समोरच्या तारेवर बसून त्यानं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जुड्यात वाटीएवढं घरटं होतं. त्याला तिच्याच टाकाऊ दोऱ्यांचं अस्तर होतं आणि आत ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी होती.

“अहो, इकडे या. आपल्या दोऱ्याचं घरटं!” तिनं नवऱ्याला हाक मारली.

“पडदा कुणाचा आहे ते बघितलंस का?” नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाई परत आल्या आणि त्यांचे फोन सुरू झाले.

“पडदे झाले का हो?”

“झालेत. कापड अजून उतरतंय.”

“अजून? जाणार तरी कुठवर?”

“भारी कापड आहे ना बाई. सावकाश उतरतं.”

एवढ्यात अंड्यांची पिल्लं झाली. नुसत्या उघड्या चोची. आईबाप दिवसभर अळ्या आणून घालत होते, तरी चोची मिटायचं नाव नाही. सून दर थोड्या वेळानं मशीन थांबवून बघायला जाई. आणि मग एक दिवस ती दोन्ही पाखरं एकाएकी कर्कश ओरडू लागली. घरातले तिघंही गॅलरीत धावले. घरट्याच्या बरोबर खाली गरीब बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, पंजे पोटाखाली, शेपटीचं टोक तेवढं हलतंय.

“कावळा आला असणार,” नवरा गरिबाकडे बघत म्हणाला.

“मेल्याची नजर पडली पिल्लांवर,” सून गरिबाकडे बघत म्हणाली.

“कावळाच,” सासूबाईंनीही गरिबाकडेच बघत निकाल दिला.

सुनेला रात्रभर झोप लागली नाही. खरं बोलावं तर म्हातारीचा आधार तुटतो, न बोलावं तर तीन जीव जातात. सकाळी तिनं मधला मार्ग काढला. पडदेवालीला दुसरा कुठला मार्ग सुचणार? तिनं आणखी एक पडदा लावायचं ठरवलं. एका नाट्यगृहाच्या कामातलं जाड मखमल उरली होती. ती घरट्याच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत सोडली की कावळ्याला पिल्लं दिसणारच नाहीत.

नवरा शिडीवर चढला. आकडे अडकवता अडकवता थांबला.

“अगं, ही थेट जमिनीपर्यंत येतेय.”

“मग?”

नवऱ्यानं खाली गरिबाच्या पंज्यांकडे पाहिलं, मग मखमलीकडे, मग आईकडे.

“काही नाही. कावळा हुशार असतो, एवढंच म्हटलं.”

गरीब मात्र त्या मखमलीकडे असा बघत होता, जसा वरच्या मजल्यावरचा गुडघे धरलेला माणूस इमारतीत बसत असलेल्या लिफ्टकडे बघतो.

दुपारी डॉक्टरीणबाई स्वतःच दारात उभ्या.

“दाखवा बघू माझे पडदे. किती उतरलेत ते तरी कळू दे.”

सुनेला थाप सुचेना. तिनं त्यांना गॅलरीत नेलं, तोंडावर बोट ठेवलं आणि जुडा दाखवला. बाईंनी टाचा उंचावून आत डोकावलं. आत तीन चोची ‘आ’ करून तयार होत्या. जन्मभर लोकांना विनवून तोंड उघडायला लावणाऱ्या बाई विरघळल्याच.

“न सांगता किती छान उघडतात!” त्या कुजबुजल्या. “राहू द्या हो पडदा इथंच. माझ्याकडे खुर्चीत बसलेली माणसं तशीही डोळे मिटूनच असतात.”

दोघी आत येऊन चहाला बसल्या न बसल्या तोच गॅलरीत किंकाळी उठली. गरीब मखमलीवरून वर निघाला होता. चरचर, चरचर, एकेक पंजा रोवत, पगारी नोकरानं जिना चढावा तसा. सून धावली. जिवाच्या आकांतानं ओरडायला तोंड उघडलं, आणि इतक्या दिवसांची सवय आडवी आली.

“हाड्! हाड् कावळ्या!”

बोक्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला उद्देशून कुणी काही बोलतंय असं त्याला का वाटावं?

जुड्याच्या काठावर एक पिल्लू अर्धवट बाहेर आलं होतं. गरिबाचा पंजा तिथवर पोचला.  आणि तेवढ्यात बुलबुलीण आली. मूठभर जीव, डोक्यावरचा तुरा ताठ, पंख पसरलेले. तिनं सरळ बोक्याच्या कपाळावर सूर मारला. तो डोकं झटकतो, तोवर नर आला आणि शेपटीला चोच लावून गेला. पुन्हा ती. पुन्हा तो. पिल्लं पळवायला आलेल्या चोराला बाहेर गाठायचं नाही, घराच्या उंबऱ्यावरच झोडायचं, असा त्यांचा खाक्या. समोरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. “घे! आणखी एक!” कुणीतरी ओरडलं. डॉक्टरीणबाई हातातल्या चहाच्या कपासकट टाळ्या वाजवू बघत होत्या.

गरीब मागे सरला आणि त्याचा सगळा भार मखमलीवर आला. वरचे आकडे टक्, टक्, टक् करत सुटत गेले, आणि नाट्यगृहाचा तो पडदा बोक्यासकट धप्पकन खाली आला. गाठोडं झालं. बुलबुलीण खाली झेपावली, त्या गाठोड्याच्या टोकावर बसली आणि छाती फुगवून तिनं असं काही सुनावलं, की गाठोडं हलायचंही थांबलं. मग ती उडून जुड्यावर गेली, काठावरच्या पिल्लाला चोचीनं आत ढकललं आणि जणू घरात काही झालंच नाही अशी अळी आणायला निघून गेली.

समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ऊर असा भरून आला, की पोटची पोर पहिली आली असती तरी एवढा आला नसता.

“आमची आहे!” तिनं ओरडून सगळ्यांना सांगितलं. “आमच्या दोऱ्यावर वाढतंय हो तिचं घर!”

“शाब्बास तिची!” समोरच्या काकू ओरडल्या. “पण काय हो, पडद्याआड नीट दिसलं नाही, आलं काय होतं अंगावर?”

 सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं.

“कावळा,” तो म्हणाला.

“कावळा?” डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. “चांगली हातभर शेपटी होती त्याला.”

“म्हातारा आहे तो. वाढली असेल.”

गाठोड्यातून बारीक आवाज आला. “म्यांव.”

“आवाज बसलाय त्याचा,” सून घाईघाईनं म्हणाली. “हवा बदलली ना.”

सासूबाई इतका वेळ उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्या सावकाश पुढे आल्या. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, मखमलीचं एक टोक उचललं आणि आतल्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिल्या. मग वर जुड्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. उलट, उत्तम तुरपाई हाती आली की जसा तो उजळे, तसा उजळला होता.

“बाई असावी तर अशी,” त्या म्हणाल्या. “आपल्या तिघांना इतके दिवस जमलं नाही, ते तिनं भर दुपारी चार लोकांत केलं. कावळा कसला आलाय? हा आपला गरीब आहे. चोर आहे मेला. पहिल्या दिवसापासून चोर आहे. पण तुम्हा दोघांचा त्याच्यावर एवढा जीव, म्हटलं आपण कशाला बोलून तुमचं मन दुखवा!”