विद्याचा गळा आणि माझा हीटर

हीटर घ्यायचा निर्णय माझा एकट्याचा. (घरात माझे एकट्याचे निर्णय मोजकेच असतात, का, ते पुढे कळेलच.) रियाध म्हटलं की लोकांना नुसतं ऊन आठवतं, पण जानेवारीत इथली थंडी आमच्या नाशिकलाही हुडहुडी भरवेल. विद्या म्हणाली, "स्वेटर आहेत की." मी म्हणालो, "स्वेटर माणसांना होतात, घराला नाही!" एवढं टाळीचं वाक्य सुचल्यावर माघार कशी घेणार? हीटर आला.

संक्रांतीच्या सकाळी पहिला दणका बसला. विद्याने वडी पुढे केली, "तिळगूळ घ्या, गोड..." आणि हीटरने कोरड्या केलेल्या हवेत आमच्या बोटांमध्ये चट्ट करून ठिणगी उडाली. वडी गालिच्यावर पडली. त्यानंतर विद्या जे बोलली त्यात गोड काही नव्हतं. मग सगळ्यांचे ओठ फुटले, नाकं कोरडी पडली आणि कार्यक्रम दोन दिवसांवर आला असताना विद्याचा आवाजच बसला.

हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शुक्रवारी आमच्या मराठी मंडळींचा तिळगूळ समारंभ होता आणि त्यात विद्या गाणार होती. लग्नाआधी ती छान गायची. पुढे संसार, परदेश, लेकीची शाळा यांत गाणं मागे पडलं. आता कुठे पुन्हा रियाज सुरू झाला होता, तर गळ्यातून षड्जाऐवजी गंजलेली बिजागरी ऐकू येत होती. मला खरंच वाईट वाटलं.

"हीटरमुळे झालंय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"हीटर पाणी पीत नाही," मी इंजिनिअर असल्याने समजावलं. "हवेतलं पाणी तेवढंच राहतं. पण हवा तापली की तिची तहान वाढते. मग मिळेल तिथून ती ओलावा ओढते. ओठ, नाक, गळा..."

"म्हणजे हीटरमुळेच."

(शास्त्रात निष्कर्षाची इतकी घाई करू नये.) हीटर बंद करावा हे मलाही सुचलं होतं, पण मग ते टाळीचं वाक्य फुकट गेलं असतं. त्यापेक्षा वाफ सोडणारं मशीन आणावं, म्हणून मी बत्ह्याच्या बाजारात गेलो, जिथे निम्मे दुकानदार आपल्याकडचेच.

बत्ह्यात हिंदी न येणारा दुकानदार सापडायला नशीब लागतं. मला तो पहिल्याच दुकानात सापडला. मी खुणा केल्या. पाणी, मशीन, मग हात वर नेत "फूऽऽ". अरबाचा चेहरा उजळला. "बुखार!"

"नो बुखार!" मी घाईने म्हणालो. "बीवी का सिर्फ गला!"

त्याने एक खोकं काढून नाचवलं. "बुखार! बुखार!"

"अरे बाबा, ताप नहीं है! नो बुखार!"

बिचाऱ्याने हिरमुसून ते खोकं परत ठेवलं. थोडा विचार करून दुसरं काढलं. "बखूर?" खोक्यावर भांड्यातून पांढरी वलयं डौलात वर जात होती. वाफच ती! मी म्हणालो, "बस्स, हेच द्या." सोबत त्याने सुगंधी लाकडाचे तुकडेही दिले.

घरी आल्यावर हीटरच्याच बोर्डावर मशीन लावलं, त्यात तुकडे ठेवले. जरा वेळाने धूर सुरू झाला. विद्या खोकायला लागली. पाणी कमी पडतंय असं वाटून मी वर पेलाभर पाणी ओतलं. फाट्! घरात अंधार झाला आणि हीटरने कायमची मान टाकली.

शेजारच्या बिलकिसभाभी धावत आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, पण इथंच मुरलेल्या.

"काय झाला ओ अरविंदभाऊ? आग लागली का?"

मी सगळी हकिगत सांगितली. त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. "अवो, अरबीत बुखार म्हंजे वाफ! नि बखूर म्हंजे धूप! तुमी वाफेला नको बोल्लाव नि धूप घेऊन आलाव!"

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी ताठ मानेने त्याच दुकानात शिरलो. गळ्याकडे बोट दाखवत ठणकावलं, "बुखार! बुखार!" पण दरम्यान त्याने शेजारच्या हैदराबादी दुकानदाराकडून माझ्या हिंदीतल्या 'बुखार'चा अर्थ विचारून घेतला होता. तो काउंटरच्या बाहेर आला, मायेने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मला दंडाला धरून समोरच्या औषधाच्या दुकानात नेऊन सोडलं.

तापाच्या गोळ्या घेऊन मी परतलो, तर दारातच गाणं ऐकू आलं. मला वाटलं, मोबाइल चालू आहे. पण विद्या गात होती! हीटर गेल्यापासून घर पुन्हा थंडगार झालं होतं, बिलकिसभाभींनी खोलीत ओले टॉवेल पसरले होते आणि गळा मोकळा झाला होता. दारातच माझे डोळे भरून आले. (धुराचा वास अजून होता, हे खरं, पण त्याने नव्हे.)

शुक्रवारी तिने सभागृह जिंकलं. सेक्रेटरी स्वानंदने माइक पुढे करून विचारलं, "वहिनी, इथल्या कोरड्या थंडीत आवाज इतका कसा जपलात? अरविंदरावांनी काही मदत केली?"

मी खुर्चीत सावरून बसलो, टायही नीट केला.

"केली ना," विद्या गोड हसून म्हणाली. "काल दिवसभर ते घराबाहेर होते."