डाव्या बुटावरचा ओरखडा

पुष्करच्या डाव्या बुटाच्या टोकावर एकही ओरखडा नव्हता.

आसावरीला हे दिसलं मार्चमध्ये, रॅकसमोर वाकून मोजे शोधताना. बूट जानेवारीत आले होते. काळे, घोट्यापर्यंतचे, खास मोटरसायकलवाल्यांचे. गिअर टाकताना डाव्या पायाचं टोक दांडीखाली घालून वर उचलावं लागतं, आणि महिन्याभरात तिथे नखाएवढा राखाडी डाग पडतो. पडतोच. सहा शनिवार 'प्रॅक्टिस' करून आलेल्या माणसाच्या बुटावर तो नसेल, तर एक तर बूट फार चांगल्या प्रतीचे असावेत, नाहीतर...

आसावरी मिल्टन कीन्समधल्या एका प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासायची. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही तिची नोकरीतली शिस्त. तिने बूट होते तिथे ठेवले आणि मोजे घातले.

या सगळ्याची सुरुवात नोव्हेंबरात झाली होती. दोघांचे ब्रिटिश पासपोर्ट पोस्टाने आले, आणि पुष्करने ते पाकीट असं हवेत फिरवलं की जणू विश्वचषकच जिंकलाय!

"संपली व्हिसाची कटकट! उन्हाळ्यात युरोप. मोटरसायकलवरून! फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, अकरा दिवस! मी, अनुप आणि विनय. लिहून ठेव!"

आसावरीने खरंच लिहून ठेवलं, कारण स्प्रेडशीट तिच्याकडेच आली. 'तू पण चल' हे शब्द काही आले नाहीत. तिने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पुष्कर म्हणाला, "तू शीट काय मस्त करतेस गं!"

अनुप बँकेत जोखीम मोजायच्या खात्यात होता आणि विनय दातांचा डॉक्टर. तिघांचा 'आल्प्सचे वाघ' नावाचा ग्रुप निघाला आणि त्यावर दिवसाला दोनशे मेसेज पडू लागले. अनुपने इटलीच्या घाटातल्या अठ्ठेचाळीस वळणांचे फोटो जमवले आणि प्रत्येक वळणाला नंबर दिला. विनयने बाकरवडी किती किलो मावेल याचं गणित गाडीला लावायच्या डब्यांच्या लिटरमध्ये मांडलं. पाठीवर वाघ छापलेली जॅकेटं आली. हॉटेलं ठरली. समुद्राखालून जाणाऱ्या ट्रेनची तिकिटं काढून झाली. शीटमध्ये आसावरीने एक रकाना घातला होता : 'लायसन्स आहे?' तिघांनीही लिहिलं, 'हो'. पुष्करने पुढे उद्गारचिन्हही टाकलं.

"इथली टेस्ट दिलीस?" तिने एकदा विचारलं होतं.

"अगं लायसन्स आहे माझ्याकडे! सहा वर्षं रोज कोथरूड ते हिंजवडी मारलंय मी. त्याच्यापुढे आल्प्स म्हणजे बागेतली घसरगुंडी!"

उत्तर लेखी होतं, तोंडी होतं, आत्मविश्वासाने भरलेलं होतं. तिने रकाना हिरवा केला. नमुना न तपासता दाखला देऊ नये, हे तिला कामावर कळायचं. घरी मात्र तिने दाखला दिला.

आता एक गोष्ट, जी त्या शीटमध्ये नव्हती. नागपूरला एमएस्सी करताना आसावरी भावाची मोटरसायकल घेऊन कॉलेजला जायची. फेब्रुवारीपासून पुष्कर दर शनिवारी अनुपकडे 'प्रॅक्टिस'ला गेला, की ती ब्लेचलीच्या एका ट्रेनिंग स्कूलच्या आवारात केशरी शंकूंमधून आठचे आकडे काढायची. घरी सांगायची, "लॅबमध्ये जास्तीचं काम आहे." पहिल्या परीक्षेत आठाच्या वळणावर पाय टेकला आणि ती नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली. मग रस्त्यावरची परीक्षाही पास झाली. एप्रिलमध्ये नवं कार्ड आलं. ते तिने पर्समध्ये, लायब्ररीच्या कार्डामागे ठेवलं.

शीटमध्ये तीन नावांखाली चौथी ओळ मोकळी होती. तिथे तिने आपलं नाव तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं.

सांगायचा प्रयत्नही केला. एकदा पुष्करचा ऑफिसचा कॉल आला. दुसऱ्यांदा ती "मला काय वाटतं..." एवढं म्हणाली, तेवढ्यात फोनवरून विनय ओरडला, "बायकांना नेलं ना, की ट्रिपची सहल होते!" आणि पुष्कर हसला. फार नाही, थोडासाच. पण हसला. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं आणि दारावरची बेल वाजली.

दारात कमलाकर काका. मराठी मंडळाचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, हातात डायरी.

"पुष्कर, सत्कार ठरलाय तुमचा! शाल, श्रीफळ, औक्षण, वाहनपूजा! मोटरसायकल तेवढी आणवा."

"निघायच्या आधीच सत्कार, काका?" आसावरीने विचारलं.

"मग कधी? आल्यावर कुणीही करतं! पंच्याहत्तर साली मी निघालो, तेव्हा मुंबईला विमानतळावर चौदा हार पडले होते गळ्यात. आणि इथे येऊन आठ महिने नोकरी नव्हती. हार आधी घालून घेतले, म्हणून तर मिळाले!"

आसावरीने शीटमध्ये 'सत्कार' हा नवा रकाना घातला.

मेच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता एका शाळेच्या कारपार्कमध्ये पासष्ट माणसं छत्र्या घेऊन उभी राहिली. पाऊस असा, की धड पडेना, धड थांबेना. बायका पैठण्या नेसून आणि खाली चालायचे बूट घालून आल्या होत्या. मिल्टन कीन्सच्या ओल्या गवताने सगळ्यांना हे शहाणपण शिकवलेलं होतं. भाड्याने मोटरसायकली देणाऱ्या दुकानातून डेव्ह नावाचा धिप्पाड माणूस व्हॅनमधून एक गाडी घेऊन आला. केशरी रंगाची, म्हशीएवढी! काकांनी टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

"हे निघेल ना?" डेव्हने इंग्रजीत विचारलं.

"हे निघायला नको असतं," काका तितक्याच ठाम इंग्रजीत म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

सूत्रसंचालन तनिषाकडे होतं. जन्म ल्यूटनचा, मराठी रविवारच्या शाळेतलं, उत्साह मात्र अस्सल. "आता आपली तीन शूर पुरुष युरोप जाणार आहे! जोरात टाळी द्या!"

टाळ्या झाल्या. वाघांच्या जॅकेटांवर शाली चढल्या. एकेक नारळ हातात आला. आसावरी निरांजनाचं तबक घेऊन पुढे सरकली. काकांनी हिरवा झेंडा उचलला.

"पुष्कर, बस गाडीवर! लिंबावरून ने, एक फेरी मार, मग औक्षण!"

पुष्कर डेव्हकडे वळला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. डेव्हनेही हात पुढे केला. "लायसन्स प्लीज, मेट."

पुष्करने ऐटीत कार्ड दिलं. डेव्हने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि परत दिलं. "धिस इज फॉर अ कार."

"मागे बघा ना! मोटरसायकलचं चित्र आहे!"

डेव्हने ते चित्र बारकाईने पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर डॉक्टर वाईट बातमी देतानाची दया होती. "दॅट्स अ मोपेड, मेट."

मोपेड! पन्नास सीसीची! ताशी अठ्ठावीस मैल! आणि तीसुद्धा एक दिवसाचं ट्रेनिंग घेतल्यावर!

आसावरीने तबक सावरत कार्डाकडे पाहिलं. कारच्या लायसन्सच्या पाठीवरचं तांदळाएवढं चित्र! त्या चित्राच्या भरवशावर हा माणूस आल्प्सला निघाला होता!

"अनुप, तुझं दाखव!" पुष्करचा आवाज चिरकला.

अनुपने आपलं कार्ड उलटलं. तोच तांदूळ. "चित्राखाली स्केल द्यायला हवं होतं त्यांनी," तो पुटपुटला. जोखीम मोजणारा माणूस!

"माझ्याकडे खरं आहे!" म्हणत विनयने पाकिटातून पुण्याचं जुनं लायसन्स काढलं. डेव्हने सांगितलं, की हे इथे आल्यापासून बारा महिने चालतं. आपण कधी आलात?

"दोन हजार अकरा," विनय म्हणाला, आणि त्याने नारळ पोटाशी धरला.

छत्र्या एक पाऊल पुढे सरकल्या.

"मग इतके शनिवार तुम्ही काय करत होतात?" आसावरीने विचारलं. आवाज हळू होता, पण पासष्ट माणसांना ऐकू गेला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी विनयच बोलला. "अनुपच्या टीव्हीवर घाटाचे व्हिडिओ बघायचो. वळणं पाठ करायचो."

"आणि?"

"आणि मिसळ करायचो."

कमलाकर काका मटकन खुर्चीवर बसले. "अरे, शाली दिल्या! नारळ दिले! फोटो फेसबुकवर गेले! आता लिंबू फुटलं नाही तर अपशकुन! अख्ख्या मंडळात एकाही माणसाकडे लायसन्स नाही?"

डेव्हने घड्याळ पाहिलं.

आसावरी पुष्करपाशी गेली. "हे धर," म्हणाली आणि तबक त्याच्या हातात दिलं. नारळ आधीच काखेत असल्यामुळे त्याला ते अंगाला चिकटवून धरावं लागलं. तिने पर्स उघडली, लायब्ररीचं कार्ड बाजूला केलं आणि मागचं कार्ड डेव्हला दिलं.

डेव्हने पुढून पाहिलं. मागून पाहिलं. आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

पासष्ट माणसांनी एकदम श्वास घेतला. तनिषाच्या हातातला माइक चालू होता, त्यातून तो श्वास दुप्पट होऊन आला.

पुष्करची नजर किल्लीवरून तिच्या चेहऱ्यावर गेली, आणि मग खाली. पैठणीच्या काठाखाली तिचे चालायचे बूट होते. डाव्या बुटाच्या टोकावर नखाएवढा राखाडी डाग होता.

"तू... कधी?"

"शनिवारी. तुमची मिसळ चालू असायची तेव्हा."

"अगं, पण मग आता..." काका गोंधळून उठले. "सत्कार यांचा झालाय! हॉटेलं, तिकिटं सगळं ठरलंय! जाणार कोण?"

सगळे तिच्याकडे बघत होते. आसावरीने तोंड उघडलं. ही चौथी खेप. फोन वाजला नाही, बेल वाजली नाही, आणि हसायच्या परिस्थितीत कुणीही उरलं नव्हतं.

"मी जाणार आहे, काका," ती म्हणाली. "पुष्कर, तबक सरळ धर, तेल सांडतंय. आणि आता ओवाळ."