गाडीचे कान

त्या दिवशी सकाळी मेडशीत अशी धुवारी (म्हणजे दाट धुकं) पडली होती की आमचा कढीपत्ता अंगणातच आहे की रात्रीतून कोणी उपटून नेला, हे हात लावून पाहावं लागलं. धुवारी आली की मला आभाळाचा संशय येतो. तूर फुलोऱ्यावर आली की फुलं गाळायला नेमकी हिला सवड सापडते. पण त्या दिवशी आभाळाकडे संशयानं पाहायला मला फुरसतच नव्हती. अंगणात वीरेंद्रची नवी गाडी उभी होती.

वीरेंद्र माझा मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. सुनेला, म्हणजे उज्ज्वलाला घेऊन तो आदल्या दिवशीच आला होता. आमच्या भुरीबाईनं (म्हणजे माझ्या घरच्या सरकारनं) ओवाळायला आरती पुढे केली, तर गाडी टीं-टीं करून ओरडली. जवळ काही आलं की ती असंच ओरडते म्हणे. लक्ष्मी म्हणून घरी आलेली वस्तू ओवाळणीच्या ताटावर ओरडली, तेव्हाच मी मनाशी गाठ मारली : हिच्यापासून जपून राहायचं.

मंगरूळपीरला माझ्या साळ्याकडे वांगी पोचवायची होती. एसटीनं गेलो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण वीरेंद्र म्हणाला, "चला बाबा, मी नेतो," आणि मी ऐटीत पुढच्या सीटवर बसलो. उज्ज्वला भुरीबाईजवळ घरीच थांबली. भुरीबाईनं खिडकीतून बोट आत घातलं.

"अजी, शेलूबाजारात गाडीखाली उतराचं नाही. जलेबीच्या दुकानाकडं पाह्याचंबी नाही. या खेपेले साखर वाढून निंगाली, तर तुमचा बाजार बंद. मंग बसा ओट्यावर, कुत्रे हाकलत."

बाजार बंद! माझ्या वयाच्या माणसाजवळ उरतं तरी काय? शेलूबाजारचा बाजार, तिथले चार ओळखीचे लोक, आणि (आता तुमच्यापासून काय लपवायचं) गरम जलेबी. मी नुसती मान डोलावली. मान डोलावल्यानं खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.

निघालो, तर गाडी पुन्हा ओरडायला लागली. मागच्या सीटवरच्या वांग्याच्या थैलीला पट्टा बांधला नव्हता! बांधला, तेव्हा गप्प झाली. पुढे मारोतीचं देऊळ आलं. वीरेंद्रनं चालत्या गाडीत दोन्ही हात जोडले, तर आतून एक बाई बोलली, "कृपया स्टिअरिंग धरा."

"हे कोण बोललं रे?"

"गाडी बोलली, बाबा. मराठी समजते तिले. फोन लाव म्हटलं का फोनबी लावते."

"देवाले हात जोडाले हिले विचारा लागते? सरकार झोपून राह्यलं काय?"

"सरकारच म्हणते ना बाबा, गाडीत सुरक्षा पाह्यजे."

"मंग सरकारलेच एक पट्टा बांधून ठेव. आपल्या बैलाकडं पाह्य. हो म्हटलं का थांबते. त्याच्यापुढं मी जनमभर बोललो, पण त्यानं कधी कोणाले सांगतलं काय?"

एवढ्यात धुवारीतून एक गोऱ्हं रस्त्यावर आलं. मला दिसलं नाही, वीरेंद्रलाही दिसलं नाही. गाडीनं आपल्याच मनानं करकचून ब्रेक मारला. गोऱ्ह्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं, शेपूट हलवलं आणि सावकाश शेतात उतरून गेलं.

"पाह्यलं?" वीरेंद्र म्हणाला. "आता सांगा, सरकारनं हे बंद करावं काय?"

गोऱ्हं वाचलं हे खरं. मी ते बोलून दाखवलं नाही. (एका गोऱ्ह्यापायी अख्खा संशय सोडायचा म्हणजे फार झालं.) उलट मनात आलं, एवढ्या धुवारीत हिला गोऱ्हं दिसतं, तर जलेबी दिसणार नाही काय?

कारण शेलूबाजार जवळ आलं होतं आणि मी एक बारीकसा निर्णय घेतला होता. भुरीबाईनं गाडीखाली उतरू नका म्हटलं होतं. मी उतरलो नाही. वीरेंद्रला उतरवलं.

जलेबीचा पुडा माझ्या मांडीवर ठेवून वीरेंद्र चहा आणायला गेला. गाडीत आम्ही दोघंच उरलो, मी आणि ती. समोर एक निळा दिवा लुकलुकत होता. माझ्याकडेच पाहत होता, यात शंका नाही. म्हटलं, बाईमाणूस आहे, गोडीगुलाबीनं सांगून पाहावं. मी त्या दिव्यावर हळूच बोट ठेवलं.

"हे पाय बाई, उज्ज्वलाले फोन लावू नोको."

"ठीक आहे," बाई म्हणाली. "उज्ज्वला."

किती शहाणी! नाव घेऊन कबूल झाली. मग गाडीत काहीतरी टुर्र-टुर्र वाजलं. मला वाटलं, वांग्यांचा पट्टा पुन्हा सुटला असेल. मी निवांत पहिली जलेबी तोंडात टाकली. माझा जीव असा हलका झाला की म्हटलं, एवढी समजूतदार बाई आहे तर चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्या.

"आमची भुरीबाई लय संशयी हाय, बाई. रोज सकाळी कारल्याचा रस देते. मी पेतो काय? कढीपत्त्याच्या बुडाशी ओततो."

"तरीच!" गाडी म्हणाली. "तरीच फोडणीत कढीपत्ता कडू लागून राह्यला!"

मी दुसरी जलेबी पुड्यात परत ठेवली. आवाज हुबेहूब भुरीबाईचा! रात्रभर अंगणात उभी राहून हिनं तो उचलला होता.

"बाई," मी हात जोडले, "दुसऱ्या कोणत्याबी आवाजात बोल. याच्यात बोलली का पोटात गोळा येते."

"गोळा येते? या घरी, दाखवते तुमाले गोळा!"

धमकीसुद्धा तशीच! मला भीती वाटायच्या ऐवजी कौतुकच वाटलं.

"नक्कल बरोब्बर जमली बाई तुले," मी म्हणालो. "फक्त ती याच्याहून जरा कर्कश हाय."

तेवढ्यात वीरेंद्र चहा घेऊन आला. त्यानं समोर पाहिलं आणि चहा हातावर सांडून घेतला.

"बाबा! उज्ज्वलाचा फोन चालू हाय! आईच बोलून राह्यली ना!"

पलीकडून उज्ज्वलाचं हसू ऐकू येत होतं. भुरीबाईचं ऐकू येत नव्हतं.

"म्या त नोको म्हटलं होतं रे तिले!"

"तिले उज्ज्वला समजलं, फोन लाव समजलं. नोको नाही समजलं, बाबा."

संध्याकाळी घरी परतलो, तर भुरीबाई दारातच उभी होती. तिनं ओट्यावर पोतं अंथरलं, शेजारी कुत्रे हाकलायची काठी ठेवली आणि कारल्याच्या रसाचा गिलास हातात दिला. खाली उतरेपर्यंत (म्हणजे रस घशाखाली) समोर उभी राहिली. बाजार बंद झाला होता.

शेजारचे कैलासचंद, किराणावाले, दिवस मावळायच्या आत जेवण आटोपून आपल्या ओट्यावर बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं.

"कैलासभाऊ, सरकारनं कायदाच केला पाह्यजे. गाडीले डोळे राहू द्या, गोऱ्हं वाचते. पण कान काढून घ्या. अन् जिले नोको समजत नाही, तिले रस्त्यावर सोडूच नोका. सरळ जप्त करा. वाशिमले कलेक्टरसाहेबाले निवेदन देऊ. तुमी लिहा, मी सही ठोकतो."

कैलासचंदांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"लिहितो ना," ते म्हणाले. "पण रतनभाऊ, गोड नोको म्हणून डॉक्टर तुमाले कवाचा सांगून राह्यला. आता नोको न समजणारं सारं जप्त करा म्हणून आपुन लिहिलं, अन् सरकारचे लोक खरंच मेडशीत आले, तर पयले कोणाले उचलतीन?"