मागच्या सीटचं वजन

मोहिते नानांकडे चहा प्यायचा असेल तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं. काटा म्हणजे बाथरूममधला नाजूक काटा नव्हे. धान्य मंडीत पोती मोजतात तसला लोखंडी, व्हरांड्यात कायमचा ठाण मांडून बसलेला. दूधवाला असो, भिशीच्या बायका असोत, नाहीतर मतं मागायला आलेले पुढारी असोत, सगळ्यांना एकच हुकूम. चपला काढा, पर्स खाली ठेवा, हलू नका. मग नाना आकडा जाहीर करतात, तोही समोरच्या बिल्डिंगमध्ये ऐकू जाईल अशा बेताने.

मी त्यांची शेजारीण. इंदूरच्या पलासियातल्या एका बँकेत नोकरी करते आणि शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाते. त्यामुळे रविवारची सकाळ माझ्यासाठी परीक्षेचीच.

"काल भुट्ट्याचा कीस, वरून जलेबा," नाना आकड्याकडे बघत म्हणायचे. "वजन बोलतं, मॅडम. आपण चूप राहिलो तरी बोलतं."

फक्त एक आकडा ते कधी मोठ्याने सांगत नसत. माईंचा. माई त्यांच्या पत्नी. त्या सगळ्यात शेवटी काट्यावर उभ्या राहायच्या, नाना चष्मा वर करून बघायचे आणि "झालं, उतर" एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, बघा, स्वतःच्या बायकोची तेवढी अब्रू राखतात.

या वेडाचं कारण मात्र साऱ्या कॉलनीला माहीत होतं. नाना विमान बांधत होते. नाना पीथमपूरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. तरुणपणी फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकलेले. घरामागे जिथे पूर्वी मोटार उभी असायची तिथे आता विमान उभं होतं आणि मोटार बिचारी रस्त्यावर उन्हात. "पणजोबा दरबारच्या रिसाल्यात होते, घोड्यावर," ते सांगायचे. "आम्ही एक पायरी वर."

विमान म्हणजे अॅल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेलं कापड, पुढे एक सीट, मागे एक सीट. त्यात एक ग्रॅम जास्त गेलेला नानांना खपत नसे. माईंनी हौसेने लिंबू-मिरची बांधली, तर नानांनी ती सोडून तोलून पाहिली. मिरच्या ठेवल्या आणि लिंबू स्वयंपाकघरात परत पाठवलं. स्वतः तर त्यांनी शेव सोडली होती. इंदूरमध्ये राहून पोह्यावर शेव न घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मागच्या सीटवर मात्र एक वाळूचं पोतं पट्ट्याने बांधलेलं असे. हे मला कळेना. मी विचारलं तर नानांनी समजावलं, की नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला माणूस एकटाच जातो, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा नसतो. पण मागचं माणूस धरून विमानाचा तोल कसा राहतो हे तर बघायला हवं, म्हणून वाळू. दर रविवारी सगळ्यांची वजनं झाली की ते पोत्याचं तोंड सोडायचे आणि वाटीने थोडी वाळू काढायचे. मला वाटायचं, या माणसाचं गणित काही संपायचं नाही.

धोका म्हणाल तर तो त्यांनी मला भिशीसमोर चमचा हातात धरून शिकवला होता. "देखो मॅडम, विमान वर असताना इंजिन बंद पडलं तर टेन्शन नाही, वेळ असतो. खरी गडबड जमीन सोडल्या सोडल्या. तेव्हा माणसाला वाटतं, मागे वळू, धावपट्टीवर परत जाऊ. वळला की वेग गेला, वेग गेला की..." चमचा माझ्या बशीत पडला. "म्हणून मागे वळायचं नाही. समोर जे असेल त्यात सरळ उतरायचं."

समोर काय असेल, याची व्यवस्थासुद्धा त्यांनी केली होती. सांवेरकडे एका ओळखीच्याची कच्ची धावपट्टी होती. तिच्या पुढे मांगीलालजींचं शेत. नाना त्या शेतात जाऊन बांध, विहीर, विजेची तार सगळं पायी फिरून बघून आले होते. सोयाबीन निघालं की गव्हाला पाणी सोडेपर्यंत शेत कोरडं आणि टणक असतं, तेवढ्या दिवसांतच उडायचं असं ठरलं. मांगीलालजींनी आपल्या माळवीत खुशाल उतरा म्हटलं होतं, "उतरी जाजो नानाजी, खेत तमारो ई है."

परवानगीचे कागद आले, इंजिन तपासून झालं, आणि नाना उडेनात.

एकदा वारा आडवा होता. एकदा नट सैल वाटला. एकदा म्हणे आभाळाचा रंग बरोबर नव्हता. दर वेळी आम्ही विमान मोटारीमागे बांधून सांवेरला जायचो आणि दर वेळी परत यायचो. कॉलनीत लोक हसायला लागले. "भिया, नानांचं विमान मोटारीच्या मागे बांधूनच इंदूर बघणार," असं कोणी म्हणालं, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले.

मग मांगीलालजींचा निरोप आला, की आता पाणी सोडावं लागेल, फार तर परवापर्यंत थांबतो.

त्या शेवटच्या सकाळी सांवेरला वारा नव्हता. नाना विमानाभोवती फिरत होते, एकेक नट बोटाने चाचपत. आग विझवायचा लाल सिलिंडर माझ्याकडे दिला होता. हे काम मलाच का, असं विचारल्यावर म्हणाले, "तुम्ही जागच्या हलणार नाही, मॅडम." माई शाल पांघरून मोटारीत बसल्या होत्या. मागच्या वर्षी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून त्यांना थंडी फार वाजे.

नाना मोटारीपाशी आले. "आज दमट वाटतंय. इंजिनला बरं नाही. पुढच्या वर्षी बघू."

"मागे वळायचं नाही म्हणता," माई शांतपणे म्हणाल्या, "आणि दर वेळी मोटार मागे वळवता."

नाना परत विमानाकडे गेले. माईंनी मला जवळ बोलावलं.

"तुला वाटतं ना सुनीता, यांना वजनाचं वेड आहे? अगं, ऑपरेशननंतर माझं वजन उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला बघत जा. मी काट्यावर चढले की रडायचे. मग यांनी मंडीतून तो काटा आणला आणि सगळ्या कॉलनीला त्यावर चढवलं. सगळ्यांच्या हसण्यात माझंही होऊन जायचं."

मी पोत्याकडे पाहिलं.

"ती मीच आहे," माई म्हणाल्या. "विमान दोघांसाठी बांधलंय ना. दर रविवारी माझं वजन उतरलं असेल तेवढी वाळू काढतात. आणि उडत का नाहीत, तर त्यांना काही झालं तर मला दवाखान्यात कोण नेणार. मी सांगितलंय, मला बघायचंय, आणि मी असताना बघायचंय."

मला लाल सिलिंडर एकदम जड झाला. ज्या माणसाला आम्ही भित्रा म्हणून हसलो त्याच्या भीतीचं कारण इथे शाल पांघरून बसलं होतं.

माईंनी काच खाली केली आणि हाक मारली, "अहो, चला आता. मला भूक लागलीय."

नाना बसले. विमान धुरळा उडवत गेलं, उचललं गेलं, आणि झाडांच्या वर येतं न येतं तोच इंजिन खोकलं आणि बंद पडलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. माईंनी माझा दंड घट्ट धरला. "वळू नका," त्या पुटपुटत होत्या, "वळू नका हो."

विमान वळलं नाही. सरळ गेलं, बांधाच्या वरून खाली आलं आणि मांगीलालजींच्या शेतात दोनदा आपटून थांबलं. मी सिलिंडर घेऊन धावले. होय, मी धावले. एक चाक वाकडं झालं होतं. नाना खाली उतरून मागच्या सीटचे पट्टे चाचपत होते. 

"पोतं हललं नाही, मॅडम," ते म्हणाले. "जरासुद्धा हललं नाही."

पुढच्या रविवारी व्हरांड्यात नेहमीसारखी गर्दी होती. इंजिन आणि चाक दुरुस्तीला गेलं होतं, पोतं खुर्चीवर बसलं होतं. माझा आकडा जाहीर झाला, दूधवाल्याचा झाला, शेवटी माई चढल्या. नानांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाकून पाहिलं. मग समोरच्या बिल्डिंगमध्ये जाईल अशा आवाजात त्यांनी माईंचं वजन सांगितलं. किती ते मी लिहीत नाही, बाईमाणसाचं वजन आहे.

नंतर त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपऱ्यातल्या बादलीतून वाटीभर वाळू घेऊन आत ओतली.