धक्क्याचं नाव आणि दोन शेळ्या

"माझ्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही," असं माझे मामा स्वतःबद्दल सांगतात. त्यांच्या दारावर 'गूढउकल-सम्राट' अशी पाटी आहे. ती त्यांनी उलटी ठोकली होती, मी सरळ केली. मी त्यांची भाची आणि बिनपगारी सहायक.

आमच्या बेटावरच्या नव्या धक्क्याला मामीच्या आजोबांचं नाव द्यायचं घाटत होतं. आजोबा दीपगृहाचे रखवालदार. वादळात त्यांनी काहीतरी मोठं केलं, एवढंच मामी लहानपणापासून ऐकत आलेली. पण धक्का समितीचे अध्यक्ष अडून बसले. "छापील पुरावा आणा, नाहीतर आजच्या बैठकीत विषय बंद."

वाचनालयाने बेटाची जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून संगणकावर चढवली होती. मामांनी पडद्यासमोर भिंग धरलं, बातमी शोधली आणि खड्या आवाजात वाचली:

"परवाच्या वादळात दीपगृहाच्या रखवालदाराने जिवाची पर्वा न करता दोन शेळ्या पळवल्या व मालक मागे लागताच गवताच्या गंजीत दडी मारली. या पराक्रमाबद्दल त्याचा जाहीर सत्कार झाला."

मामीने पदर डोळ्यांना लावला.

"शेळ्या हा सांकेतिक शब्द आहे," मामा म्हणाले. "शेळ्या म्हणजे हेर."

"मग गवताची गंजी कशाला?" मी विचारलं.

"हेरांना सोंग पुरतं वठवावं लागतं."

पाच मिनिटांत हेर बाद झाले आणि सबंध बेटच शेळीचोरांची टोळी ठरलं. सत्कार म्हणजे टोळीचं वार्षिक बक्षीस. मग मामा मामीकडे वळले. "तू चहात दूध जास्त घालतेस, हे मला लग्नापासून खटकतंय. शेवटी रक्त बोलतं."

मामीने डोळे पुसले. "अहो, पुढचं पान बघितलंत का?"

"सराईत गुप्तहेराला पहिलं पान पुरतं."

"सरका."

तिने माऊस हातात घेतला. दुसऱ्या पानाला चौकोनी भोक होतं. तिसऱ्या पानावर शेळ्यांची ती ओळ होती, पण वेगळ्याच बातमीत. पहिल्या पानावरून कुणीतरी आजोबांच्या पराक्रमाच्या नेमक्या ओळी कापून नेल्या होत्या, आणि स्कॅन करताना त्या भोकातून खालचं तिसरं पान डोकावत राहिलं होतं.

"आजीनेच कापलं असणार," मामी म्हणाली. "नवऱ्याचं कौतुक करायची संधी काही बायकांना मिळते."

मामांनी भिंग खिशात घातलं. तिसऱ्या पानावर शेळीचोराचं नाव आडनावासकट छापलं होतं. ते आडनाव अध्यक्षांचं, आणि बेटावर त्या आडनावाचं घर एकच.

बैठकीत मामीने आधी पहिलंच पान पुढे ठेवलं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि त्यांना चेव चढला. "शेळीचोराचं नाव धक्क्याला? अशा घराण्याला बेटाने तोंड वर काढू देता कामा नये."

मामीने तिसरं पान सरकवलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते सभेला म्हणाले, "धक्का तसा लांब आहे. रखवालदारांच्या नावाची पाटी दोन्ही टोकांना लावू."