काटा मधोमध

लग्नाच्या बायोडाट्यात स्वभावासाठी एकच शब्द पुरे, तो फक्त अचूक हवा, असं धैर्यशीलचं ठाम मत होतं. एमएस्सी फिजिक्स झालेला माणूस! तीन डिक्शनऱ्या उलथ्यापालथ्या करून, आठवडाभर खपून त्यानं शब्द निवडला: 'बॅलन्स्ड'.

फोटोतली तेजस्वी त्याला इतकी आवडली होती, की आईला घेऊन शिवाजी पेठेत तिच्या दारात बूट काढतानाही तो मनात व्याख्या घोकत होता.

पोहे आले, लाडू आले. तेजस्वीच्या वडिलांनी, आण्णांनी, बायोडाटा हातभर लांब धरून वाचला.

"पावणं, ह्ये बॅलन्स्ड म्हंजे नेमकं काय?"

"तराजूचा काटा मधोमध! दोन्ही बाजूंना सारखंच वजन."

"झ्याक! मग फुटबॉलात तालीम, म्हंजे टीम, कुठली तुमची? आमची का पलीकडच्या पेठेची?"

"दोन्ही."

आण्णांचा चमचा हवेतच थांबला. "आमी गोल मारला तर?"

"टाळ्या."

"आन् त्येंनी मारला तर?"

"टाळ्याच. मोजून तेवढ्याच!"

आतून कुणीतरी "अगं बया!" म्हणालं. पेठेत एक वेळ चोर खपेल, पण दोन्हीकडं टाळ्या वाजवणारा? छे! आण्णांनी पाहुण्यापुढची लाडवांची बशी हळूच स्वतःकडे ओढली.

मग तेजस्वीची आज्जी पुढे सरकली. चिमणाबाई. चाळीस वर्षं मंडईत भाजी विकलेली. "लेकरा, पारडी रिकामी असली तरीबी काटा मधोमधच ऱ्हातोय की!"

धैर्यशील गार पडला. म्हातारी बरोबर होती! तिन्ही डिक्शनऱ्यांत रिकाम्या पारड्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

तेजस्वीनं हसू दाबलं. "एकच विचारते. तुमच्या आईचं नि माझं वाजलं, तर तुम्ही कुणाकडं?"

आई शेजारीच बसलेली! 'दोघींचं निम्मं निम्मं' हे उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं दूर गेलेल्या लाडवांकडे पाहिलं. मग तेजस्वीकडे.

"तुमच्याकडं!"

"कललं! पोरगं कललं!" आण्णांनी मांडीवर थाप मारली. बशी परत आली, वर एक लाडू जास्त.

परतताना आई स्कूटरवर मागं मुद्दाम पार एका अंगाला बसली. कळंब्यापर्यंत गाडी डावीकडे ओढायची, धैर्यशील उजवीकडे झुकायचा. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "आये, जरा मधी सरक की!"

"का म्हणून? तू एका बाजूला कललेला चालतोस, आन् मी न्हाय व्हय?"