गुरुजींची अर्धी चीज

मार्गशीर्षातला रविवार, १९५७. रिठद, गुरुजींची ओसरी. हजर: स्वतः दामूगुरुजी, माझी भाची कमल, सीताराम शिंपी आणि मी. कमलचं लग्न आठवड्यावर आलं होतं. भांडी, रुखवत, पातळं सगळं बांधून झालं होतं. राहिला होता तो अंतरा.

दामूगुरुजी कुठलीही चीज कुणालाच अख्खी शिकवत नाहीत. पहिला अर्धा भाग, म्हणजे स्थायी, एकाला. दुसरा, म्हणजे अंतरा, दुसऱ्याला. दोघं एकत्र बसली तरच गाणं पुरं होतं. कमलकडे सगळ्या स्थायी, सीतारामकडे सगळे अंतरे. म्हणून त्याच्या मशीनवर झंपर शिवून घ्यायला गेलं की कायम गाण्याचा उत्तरार्धच ऐकू येतो.

चिजा गुरुजींनी स्वतः बांधलेल्या. शाळेत ते कवायत आणि गाणं शिकवतात. मध्येच चाल सुचली की "थांबा, शिजून राह्यलं" म्हणतात, आणि पोरं एका पायावर उभी राहतात. मेडशीला एकदा मोटारीच्या पायरीवरून त्यांनी कंडक्टरलाही हेच सांगितलं. मोटार निघून गेली. चीज मात्र सुरेख झाली.

मी मुद्द्यावर आले. पोरगी शेलूबाजारला चालली, तिथे सीताराम नाही. तिला पुरं गाणं द्या, नाहीतर तुमच्या चिजा अर्ध्याच राहतील. सीतारामानंही री ओढली. त्याची बायको त्याला रोज विचारते म्हणे, तुमच्या गाण्याले मुंडकं काहून नाही?

गुरुजी हसले नाहीत. बराच वेळ पेटीचा भाता पुसत राहिले.

"माह्या गुरूनं मले समद्या चिजा अख्ख्या देल्या, बाई. मी पुन्हा त्यायच्या दारात गेलोच नाही. कामच उरलं नव्हतं."

कमल खाली बघत म्हणाली, "अंतरा देला तरी येईल मी, गुरुजी. नाही देला तरी येईल."

गुरुजींनी पेटी पुढे ओढली. दिवस कलेपर्यंत कमलला अंतरे मिळाले, सीतारामाला स्थायी. मग दोघांनी एकच चीज, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकत्र म्हटली. ठेका धरणारे गुरुजी दोनदा चुकले.

कमल पाया पडून उठली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. शेवटच्या चिजेतली एक तान द्यायची राहिली, म्हणाले. "ते संक्रांतीले देईल."

मी गुरुजींना ओळखते. अशी तान नव्हतीच. आता रोज सकाळी पेटी काढून बसतात. कमलचा येते म्हणून निरोप आला आहे, संक्रांत तोंडावर आहे, आणि तान अजून व्हायची आहे.